गुरुवार, सव्वाचार

खाली दाताचा दवाखाना, वर ती.
जिना चढताना ड्रिल तळपायांत येतं.
पाटी एवढीशी: नदीन सुरेट, वेळ ठरवून यावे.
हॅलिफॅक्सवर धुकं होतं,
मी चाळीस मिनिटं आधीच येऊन गाडीत बसलो होतो,
मीटरमध्ये एकेक नाणं टाकत,
नाणी संपली तर घरी जायला सबब होईल म्हणून.

नंबर मॉरीनने दिला. दुधाच्या बिलामागे,
फ्रिजवर, चुंबकाखाली. तीन आठवडे तिथेच.
ती काही बोलली नाही.
फक्त दूध काढायला जरा जास्त वेळ लावायची.

मी पियानो सुरात लावतो. एकतीस वर्षं.
ऑगस्टमध्ये डार्टमथला एका बाईंकडे
मधल्या पट्टीवर बोट ठेवलं
आणि दाबवेना.
तासभर. बाईंनी दोनदा चहा आणला.
शेवटी म्हणालो, वाद्यात दोष नाही,
आणि पैसे न घेता निघालो.

बाहेरच्या खोलीत जमिनीवर एक पांढरं डबडं
सतत घूं करत होतं, आतलं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून.
माझा कान त्यालाच चिकटला. जरासं उतरलेलं होतं.
अर्जात: झोप? भूक?
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं की
पुढचं वाचलंच नाही,
'कधीच नाही'वर खूण केली.

कोच असेल असं धरून चाललो होतो. नव्हता.
दोन खुर्च्या, तिरक्या ठेवलेल्या,
सरळ बघितलं तर खिडकी दिसते,
बघायचंच ठरवलं तर ती.
टिश्यूचा डबा, कोणीतरी अर्धा संपवलेला.

तिने आधी पैशांचं सांगितलं. बरं वाटलं.
तासाचे एकशे साठ, जड जात असतील तर बोलू.
तास म्हणजे पन्नास मिनिटं.
यायचं नसेल तर एक दिवस आधी कळवा.
इथलं इथेच राहील, तीन गोष्टी सोडून:
तुमच्या जिवाला धोका, दुसऱ्या कोणाच्या,
एखाद्या मुलाचे हाल.
आणि न्यायाधीशाने मागितलं तर. म्हणजे चार, ती म्हणाली.

मग: कशासाठी आलात?
मी पार्किंगबद्दल बोललो. पुष्कळ बोललो.
ती ऐकत राहिली, जणू पार्किंग हेच दुखणं.

म्हणाली, बरं वाटायच्या आधी काही दिवस
जास्त जड वाटेल कदाचित.
माझ्याशी जमलं नाही तर तसं सांगा, दुसरं नाव देईन.

हे तर मी लोकांना सांगतो.
पंधरा वर्षं न उघडलेला पियानो असला
की पहिल्या खेपेला नुसता ओढून घ्यायचा, ढोबळ,
सगळ्या तारा थोड्या थोड्या.
मी कोट चढवेपर्यंत त्या पुन्हा उतरायला लागतात.
पंधरवड्याने येईन म्हटलं की माणसांचे चेहरे पडतात.
एखादी तार तुटेल,
हे मात्र हात लावायच्या आधी सांगायचं.

घड्याळ माझ्या पाठीमागे होतं, तिला दिसेल असं.
ठोक्यांवरून कळलं, सात मिनिटं उरलीत.
तेव्हा तोंडातून निघालं:
वडिलांचा पियानो विकला मी. जुलैत.
त्यांना सांगितलेलं नाही.
आहेत ते?
आहेत. वृद्धाश्रमात. रविवारी विचारतात,
कोणी वाजवतं का रे.

तिने वही उघडली नाही.
पुढच्या गुरुवारी इथूनच सुरू करू, म्हणाली,
आणि मला तिचा रागच आला,
आत्ता कुठे तर

जिन्यात ड्रिल बंद होतं.
काचेवर दंडाची चिठ्ठी, पस्तीस डॉलर.

मॉरीनने विचारलं, कसं झालं?
म्हटलं, खाली दाताचा दवाखाना आहे.
ती दूध काढायला वळली, फ्रिजचं दार धरून उभी राहिली.
दार उघडं राहिलं की त्याची घरघर चढत जाते.
एरवी मी ओरडतो.